एका गच्चीवरून ध्रुव आणि त्रिशंकू

पिपरी मेघेचा आकाशवाल्यांनी लिहायचा पत्ता असा: २०.७ अंश उत्तर अक्षांश, ७८.६ अंश पूर्व रेखांश. पिन कोड विसरलात तरी चालेल, हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढच्या बऱ्याच गमती त्यांच्यातूनच निघतात. दुर्बीण नसली तरी अडत नाही. गच्ची असली की झालं, आणि ती नसेल तर अंगण.

एक वीत उत्तरेला, एक मूठ दक्षिणेला

एखाद्या गावात ध्रुव तारा जितके अंश वर दिसतो, तितकाच त्या गावाचा अक्षांश. म्हणजे पिपरी मेघेत तो उत्तर क्षितिजाच्या जवळपास एकवीस अंश वर. मोजायचं कसं? हात ताठ पुढे करा, बोटं ताणा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण वीस अंश होतात. मूठ वळली की दहा. लहान मुलांचा हात लहान आणि वीतही लहान, त्यामुळे हे माप घरातल्या सगळ्यांना चालतं.

उत्तरेला एक वीत मोजून झाली की दक्षिणेकडे तोंड करा. मे महिन्याच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास त्रिशंकू म्हणजे दक्षिणेकडचा तो प्रसिद्ध क्रॉस तिथे उभा असतो, क्षितिजाच्या जेमतेम एक मूठ वर. मध्ये शेजाऱ्याची पाण्याची टाकी आली तर संपलं, म्हणून जागा आधी हेरून ठेवावी. ऑस्ट्रेलियाच्या झेंड्यावर हेच तारे आहेत. लंडनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला त्रिशंकू घरून कधीच दिसत नाही आणि सिडनीकराला ध्रुव कधीच दिसत नाही. पिपरी मेघेत दोन्ही एकाच रात्री, एकाच गच्चीवरून, चप्पल न घालता.

अगस्तीचंही तसंच. व्याधानंतरचा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा हा. फेब्रुवारीच्या संध्याकाळी व्याध सापडला की त्याच्या बराच खाली, दक्षिण क्षितिजाच्या सोळा-सतरा अंश वर अगस्ती लखलखतो. लंडनच्या क्षितिजावर तो कधी डोकंही काढत नाही.

सावली हरवण्याचा मुहूर्त

वर्ध्याच्या उन्हाला नावं ठेवणाऱ्यांनी एक दिवस तरी ते कौतुकाने पाहावं. २३-२४ मेच्या सुमारास सूर्य पिपरी मेघेच्या अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच गडप होते. बारा वाजता मात्र पाहू नका, फसाल. आपल्या घड्याळातली वेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७८.६ वर. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे वर्ध्याची खरी दुपार सरासरीने पंधरा-सोळा मिनिटं उशिरा होते. मेअखेरीस सूर्य स्वतः थोडा पुढे धावत असतो, त्यामुळे शून्य सावलीची वेळ बारा वाजून बारा मिनिटांच्या आसपास येते. स्टीलचा पेला उपडा ठेवा आणि बघा.

हाच खेळ २० जुलैच्या सुमारास पुन्हा होतो. पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. कर्कवृत्ताच्या उत्तरेला राहणाऱ्या दिल्लीकरांना मात्र हा योग वर्षातून एकदाही नाही.

याच रेखांशाचा एक फायदा उपवासवाल्यांना. संकष्टीचा चंद्र वर्ध्यात मुंबईपेक्षा साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. मुंबईची लेक फोनवर अजून ताटकळत असते तेव्हा इकडे आईचा नैवेद्य दाखवून झालेला असतो.

मृग लागला, पण दिसला कुणाला?

सात जूनच्या आसपास मृग नक्षत्र लागतं आणि सगळी वऱ्हाडी-वर्धेकर मंडळी पेरणीच्या हिशेबाला लागतात. गंमत अशी की नेमक्या त्याच दिवसांत मृगाचे तारे आकाशात दिसूच शकत नाहीत. मृग लागला याचा अर्थ सूर्य मृगाच्या ताऱ्यांपाशी आला. ते तारे दिवसा सूर्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबर मावळतात. मृग डोळे भरून पाहायचा तर डिसेंबर-जानेवारीची रात्र गाठावी, जेव्हा शेतात कापूस वेचणं चाललेलं असतं.

याच मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांत आणि त्यांच्या खालच्या ओळीत मध्य भारतातल्या गोंड समाजाला नांगर दिसतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्याबरोबर गणेश हलकारे यांनी गोंड गावांत जाऊन ही माहिती गोळा केली, आणि २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. सप्तर्षींचं तर विचारूच नका: चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि मागचे तीन म्हणजे ती बाज पळवायला टपलेले चोर. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपणाऱ्या माणसाला आकाशातही बाजच दिसणार. यात मला ऋषींच्या गोष्टीपेक्षा जास्त निरीक्षण दिसतं, कारण चौकोन खरोखर बाजेसारखा आहे आणि ते तिघे खरोखर एकामागे एक दबकत चालले आहेत.

पुलगावला इंग्रज उतरले होते

आता खरी चीज. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याची सावली कोकण किनाऱ्यावर चढली, महाराष्ट्र तिरका कापत नागपूरकडे निघाली आणि वाटेत जी. आय. पी. रेल्वेच्या रुळांवरून गेली. ज्योतिर्विदांना याहून काय हवं? टनावारी सामान, जड दुर्बिणी, काचेच्या फोटोपट्ट्या थेट स्टेशनवर उतरवता येणार होत्या.

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला केंब्रिजचे ह्यू न्यूऑल आणि रॉयल इंजिनिअर्सचे कॅप्टन हिल्स यांनी तळ ठोकला. स्कॉटलंडचे राजज्योतिषी राल्फ कोपलँड नागपूरजवळ घोगलीला. सोलापूरकडच्या जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल, आणि तिथेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला. पुलगावहून वर्धा नदी ओलांडून पुढच्या तळणी स्टेशनवर तर हौशी मंडळींचा मेळाच भरला होता, ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा.

तळणीच्या या मेळ्यात अॅनी माँडर होत्या. ग्रीनिच वेधशाळेत त्यांनी नोकरी केली, पण १८९५ साली लग्न झालं आणि नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी बायकांना सभासद करत नव्हती, ते दार उघडलं १९१६ साली. म्हणजे तळणीला आल्या तेव्हा त्यांच्या हातात ना पद होतं ना त्या सोसायटीचं सभासदत्व, फक्त दीड इंची भिंगाचा एक छोटा कॅमेरा. खग्रास स्थिती टिकली जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेली एक लांबच लांब शलाका टिपली. इतक्या दूरवर गेलेली शलाका तोवर कुणाच्या फोटोत आली नव्हती. शेजारी मोठमोठी यंत्रं मांडून बसलेल्यांचं काय झालं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

तळणीलाच जॉन एव्हरशेड होते. तेही तेव्हा हौशीच, पोटापाण्याची नोकरी वेगळी. ग्रहणात त्यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपला. पुढे हाच माणूस कोडाईकनाल वेधशाळेत आला, तिथे १९०९ साली त्याने सूर्यडागांतल्या वायूंचा प्रवाह शोधला आणि त्या प्रवाहाला आजही त्याचंच नाव आहे. पुलगाव-धामणगाव पॅसेंजरमध्ये बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की मधलं तळणी स्टेशन सौरभौतिकीच्या इतिहासात आहे?

जाता जाता कोकणातली एक दंतकथाही निकालात काढू. विजयदुर्गावर सायबाचे ओटे दाखवून सांगतात की इथेच नॉर्मन लॉकियरने १८६८ मध्ये हेलियम शोधला. लॉकियर विजयदुर्गाला आले होते हे खरं, पण १८९८ च्या याच ग्रहणाला. १८६८ ला ते इंग्लंडमध्येच होते.

बापूंची तुरुंगातली दुर्बीण

सेवाग्राम पिपरी मेघेपासून हाकेच्या अंतरावर. चरखा सगळ्यांना माहीत आहे, दुर्बीण नाही. गांधीजींना तारे पाहायचा नाद लागला येरवडा तुरुंगात. १९३० मध्ये काका कालेलकर त्यांच्यासोबत कैदेत होते आणि ते पक्के आकाशवेडे. १९३२ पर्यंत हा नाद इतका वाढला की लेडी ठाकरसींकडून दुर्बिणी आल्या आणि आश्रमवासीयांसाठी आकाश पाहण्याबद्दल लेखच लिहिला गेला. सरकारने कोंडून ठेवलं, पण कोठडीच्या वरचं छत आकाशाचं होतं, ते सरकारला काढून घेता आलं नाही.

बागलकोटच्या मास्तरांचा ब्रह्मा

वेंकटेश बापूजी केतकर, जन्म १८५४. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात मास्तरकी आणि घरी बसून ग्रहगणित. ‘ज्योतिर्गणित’ हा त्यांचा ग्रंथ पंचांगकर्त्यांच्या ओळखीचा. १९११ साली फ्रान्सच्या अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पत्रिकेत त्यांनी लिहिलं की नेपच्यूनच्या पलीकडे आणखी ग्रह असावेत. गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांत जसा ताल आहे तसाच बाहेरच्या ग्रहांतही असणार, असा त्यांचा तर्क. एकाचं नावही ठेवून टाकलं, ब्रह्मा. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट, एक फेरी २४२ वर्षांची.

१८ फेब्रुवारी १९३० ला प्लूटो सापडला. अंतर ३९.५ पट, फेरी २४८ वर्षांची. केतकर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले, म्हणजे बातमी त्यांच्या हयातीत आली.

आता सरळ सांगायचं तर यात नशिबाचा वाटा मोठा आहे. प्लूटो इतका किरकोळ निघाला की बाहेरच्या ग्रहांचा ताल सांभाळण्याची त्याची ऐपतच नाही, आणि २००६ मध्ये त्याची ग्रहपदावरून बदलीही झाली. तरी बागलकोटच्या मास्तरांनी कागद-पेन्सिलीवर मारलेला नेम इतका जवळ लागावा, हे वाचून मजा येतेच.

आणि प्लूटो शोधणारा क्लाइड टॉम्बो कोण? कॅन्ससचा शेतकऱ्याचा पोर. जुन्या ब्यूइक गाडीचे सुटे भाग आणि दुधातून साय काढायच्या यंत्राचे तुकडे जोडून त्याने घरी दुर्बीण बनवली, तिच्यातून दिसलेल्या गुरू-मंगळाची चित्रं काढून वेधशाळेला पाठवली. ती चित्रं पाहून त्याला नोकरी लागली.

शेंडेनक्षत्र पकडणारे घरबसे

धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव मिळतं, आणि ते नाव बऱ्याचदा गच्चीवाल्याचं असतं. जपानचा काओरू इकेया पियानोच्या कारखान्यात कामगार होता. १९६३ साली, एकोणिसाव्या वर्षी, स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून त्याने पहिला धूमकेतू पकडला. दोनच वर्षांनी त्याचा नि सेकीचा मिळून इकेया-सेकी आला, जो भर दिवसा सूर्याशेजारी दिसला. अमेरिकेच्या ओहायोतला लेस्ली पेल्टियर तर शाळकरी वयात शेतात स्ट्रॉबेरी तोडायला गेला. एका मापाला दोन सेंट, अशी नऊशे मापं तोडली तेव्हा अठरा डॉलरची दुर्बीण आली. सेलू-देवळीकडे कापूस वेचून शाळेची फी भरलेल्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

थॉमस बॉपकडे तर स्वतःची दुर्बीणच नव्हती. २३ जुलै १९९५ ला मित्राच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि हेल-बॉप सापडला. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये तो आपल्याकडे अंगणातून, चष्मा लावणाऱ्या आजीलाही दिसत होता.

आता तर गच्चीवरही जायला नको. सोहो या अंतराळयानाचे फोटो इंटरनेटवर कुणालाही बघता येतात आणि त्यात धूमकेतू शोधणारे हौशी लोक जगभर पसरलेत. २०२४ च्या मार्चमध्ये पाच हजारावा सापडला. अट एकच: नाव सोहोचं लागतं, तुमचं नाही.

शेपटीचा एक घोळ मात्र बहुतेकांचा असतो. धूमकेतू धावतो म्हणून शेपटी मागे उडते असं वाटतं. शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. सूर्याकडून परत निघालेला धूमकेतू शेपटी पुढे करून चालतो.

विदर्भाचं धूमकेतूंशी नातं पंचांगावर अवलंबून. २०२० च्या जुलैत निओवाईज जगभर गाजला आणि आपल्या वाट्याला ढग आले. २०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-अॅटलस मात्र थेट कोजागिरीच्या आठवड्यात पश्चिमेला आला. आटीव दुधाची तयारी सोडून सूर्यास्तानंतर पाऊण तास पश्चिमेकडे पाहणाऱ्यांनाच तो दिसला, कारण चंद्र वर आला की सगळं धुऊन निघत होतं. २०२५ मध्ये लेमन पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला २१ ऑक्टोबरला, अमावास्येला. अंधार उत्तम होता. फटाक्यांच्या धुराचं काय करणार?

हॅले मात्र खरा खोडसाळ. तो सूर्याजवळ पोचणार २८ जुलै २०६१ ला, ऐन पावसाळ्यात. आज पंचविशीत असलेलं पोरगं तेव्हा पेन्शनचे हिशेब करत असेल आणि ढगांकडे बघत असेल.

ग्रह ओळखायची सोपी रीत

तारा लुकलुकतो, ग्रह स्थिर. बाकी पोथी नंतर. शुक्र संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला, मध्यरात्री कधीच नाही. मध्यरात्री डोक्यावर काही ठसठशीत पांढरं दिसलं तर तो गुरू समजा.

दहा बाय पन्नासची साधी द्विनेत्री भिंतीला टेकवून स्थिर धरली की गुरूशेजारी एका ओळीत तीन-चार ठिपके दिसतात. ते त्याचे चंद्र. गॅलिलिओने ते पाहिले ७ जानेवारी १६१० ला, आणि आजच्या साध्या द्विनेत्रीची काच त्याच्या दुर्बिणीतल्या काचेपेक्षा कितीतरी चांगली आहे.

गुरू सूर्याभोवती बारा वर्षांत फिरतो, म्हणजे वर्षाला एक रास. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो तो यामुळेच, गुरू सिंहेत पोचला की. २०२७ च्या फेब्रुवारीत तो मघा नक्षत्राच्या जवळ रात्रभर झळकत असेल, गोदेवर न जाताही पाहता येईल. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. बारा राशींत वाटली तर प्रत्येकीत अडीच वर्षं. तुमची, मागची आणि पुढची अशा तीन राशी मिळून साडेसात. साडेसातीचा सगळा धाक या एका भागाकारावर उभा आहे! शनी स्वतः पाण्यापेक्षा हलका आहे, हेही सांगून ठेवतो.

गुढीपाडव्याची आतषबाजी

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भभर लोक रस्त्यावर आले. आकाशातून जळते गोळे ओळीने सरकत होते. उल्का म्हणाले, विमान म्हणाले, परग्रहवासी तर म्हणालेच. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, तेव्हा उलगडा झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत चीनने उडवलेल्या रॉकेटचा तो उरलेला भाग होता.

फरक कसा ओळखायचा? उल्का एक-दोन सेकंदांत संपते, सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर वेग तिचा. रॉकेटचा भंगार माल सेकंदाला आठेक किलोमीटरने, तुकडे होत होत, सावकाश जातो. फोन काढून व्हिडिओ घ्यायला वेळ मिळाला म्हणजे ती उल्का नव्हती. आणि एकाच रेषेत माळेसारखे तीस-चाळीस ठिपके गेले तर ते स्टारलिंकचे उपग्रह, पोलिसांना फोन करू नये.

खऱ्या उल्का बघायच्या तर १३-१४ डिसेंबरची रात्र राखून ठेवा. मिथुन राशीतून येणारा तो वर्षाव वर्ध्याच्या कोरड्या थंडीत छान दिसतो. ऑगस्टमधल्या प्रसिद्ध वर्षावाचं नाव काढू नका, तो आपल्याकडे ढगांच्या वर होतो.

अंधार कुठे मिळेल

वर्धा शहराचे दिवे पिपरी मेघेपर्यंत पोचलेत, त्यामुळे आकाशगंगेचा पट्टा गच्चीवरून मिळणं कठीण. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एक व्हॉट्सअॅप मेसेज उघडला की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर गुंडाळा. अस्सल अंधार हवा तर नागपूरच्या पलीकडे पेंच. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरवण्यात आलं. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले दिवे खाली वळवले. वाघ पाहायला जाणाऱ्यांनी रात्री मान वर करावी, वाघ दिसेलच याची खात्री नसते.

तारीख लिहून ठेवा

३१ डिसेंबर २०२८. त्या महिन्यातली दुसरी पौर्णिमा आणि खग्रास चंद्रग्रहण, तेही आपल्याकडे पूर्ण दिसणारं. रात्री साडेआठनंतर चंद्राला सावलीची कड लागायला सुरुवात, पावणेदहा ते अकराच्या दरम्यान तो पूर्ण तांबडा. सावलीचा शेवटचा चतकोर सुटता सुटता बारा वाजून पाच-सहा मिनिटं झालेली असतील, म्हणजे ग्रहण लागेल एका वर्षी आणि सुटेल दुसऱ्या वर्षी. घरमालकाकडून गच्चीची चावी आतापासूनच मागून ठेवा, त्या रात्री मागणाऱ्यांची रांग लागेल.